फाल्गुनातल्या खिडक्या

दिवाळीला आमच्याकडे भिंतींवरून हात फिरतो, खिडक्यांवरून फिरत नाही. त्याचे कारण शेती. आश्विन-कार्तिकात हलका धान कापणीला आलेला असतो आणि त्याच्या मागे भारी धान उभा असतो. कापायचे, पेंढ्या बांधायच्या, पुंजणे रचायचे, मग चुरणी, आणि हे सगळे एखादी अवकाळी सर येण्याआधी. माझे माहेर पवनी तालुक्यातले, धानाच्या गावातले. तिथल्या बाया दिवाळीच्या आठवड्यात पहाटे अंगण सारवून धानाच्या बांधीत जात, त्या दिवेलागणीला परत येत. त्यांनी खिडकीचे गज कधी पुसायचे?

आणि पुसले तरी टिकत नाही. धान पिवळा पडू लागला की बांधीतले तुडतुडे दिव्याकडे झेपावतात. ज्यांनी भंडारा-गोंदियाकडे दिवाळी काढली आहे, त्यांना हे सांगायला नको. दिवा लागला की हिरवट-तपकिरी किड्यांचा नुसता पाऊस. जेवणाच्या ताटात, पाण्याच्या गुंडात, कंदिलाच्या काचेवर. आम्ही लहान असताना आई अंधार पडायच्या आत वाढायची ती यासाठीच. खिडकीला जाळी असेल तर हे किडे तिच्यात अडकून मरतात आणि तिथेच वाळतात. दिवाळीच्या तोंडावर धुतलेली जाळी दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरेपर्यंत पुन्हा भरून जाते. मंडईला पाहुणे येतात, रात्री नाटक असते, घरात पाय ठेवायला जागा नसते. मग थंडी येते आणि खिडक्या बंदच राहतात.

लग्न होऊन मी भंडारा शहरात आले. शेती मागे राहिली, पण खिडक्यांची वेळ तीच राहिली. माझ्या सासूबाई साकोलीकडच्या. त्या म्हणायच्या, "दिवारीत खिडक्या धुऊन का फायदा, माय? थंडीभर त बंदच रायतेत. होरी झाली का काढू." त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. फाल्गुनात धान विकून झालेला असतो, लाखोळी-जवस घरात आलेले असतात, उन्हाळी धानाला फक्त पाणी द्यायचे असते. पळस फुललेला असतो. ऊन चढायला लागलेले असते, पण अजून पोळत नाही. होळीची राख आणि रंग एकदाचे उडून गेले की गुढीपाडव्यापर्यंत जे दिवस मिळतात ते खिडक्यांचे. त्यानंतर मोहफुलाचा हंगाम, लग्नसराई आणि ऊन. एप्रिलच्या शेवटी लोखंडी गजाला दुपारी हात लावून दाखवा.

खिडकी साफ करायची म्हणजे काच चकचकीत करायची, असा समज शहरांत पसरला आहे. आमच्या भागात तरी तो चुकीचा आहे. इथे पारा 44-45 अंशांवर जातो, नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा मुलखात खिडकी आधी हवेसाठी असते, मग उजेडासाठी, आणि शोभेसाठी सर्वांत शेवटी. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: जाळी, चौकट, रूळ, मग काच. बहुतेक घरांत तो नेमका उलटा असतो. काच दिसते म्हणून ती पुसली जाते. जाळी दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते आणि मग घरात वारा येत नाही म्हणून लोक पंखा वाढवतात.

जाळीची भोके एवढीशी असतात. त्यांत तुडतुड्यांचे पंख, कोळिष्टके, स्वयंपाकघराच्या बाजूला तेलकट वाफ आणि वर धूळ असा थर बसला की वाऱ्याची वाट निम्मी तरी बंद होते. उजेडासमोर उभे राहून पाहिले की लगेच कळते. स्वच्छ जाळीतून पलीकडचे झाड दिसते, भरलेल्या जाळीतून नुसता भुरका उजेड दिसतो. जाळी काढून टाकण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो मी कधीच ऐकला नाही. चारी बाजूंनी बांध्या आणि तलाव असलेला हा जिल्हा आहे, डासांना इथे काय कमी? हत्तीरोगाच्या गोळ्या आजही आमच्याकडे घरोघर येऊन समोर खाऊ घालतात. पाय सुजलेली माणसे मी लहानपणी गावात पाहिली आहेत. जाळी राहिलीच पाहिजे आणि तिच्यातून वाराही आला पाहिजे, एवढ्यासाठी वर्षातून एकदा हात भरून घ्यायला माझी ना नाही.

जाळी काढता येणारी असेल तर काम सोपे. मोठ्या घमेल्यात कोमट पाण्यात धुण्याची पावडर घालून ती बुडवून ठेवायची आणि मऊ ब्रशने दोन्ही अंगांनी घासायची. खिळ्यांनी ठोकलेली जुनी जाळी असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने आतून बाहेर झटकायची, मग ओल्या फडक्याने टिपायची. एक फडके मागून धरले तर जाळीला झोळ पडत नाही. लोखंडी जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. काही जणी संडास-बाथरूमचे ॲसिड जाळीवर मारतात, त्याने मळ जातो आणि जस्तही जाते. पुढच्या पावसाळ्यात जाळीला गंज चढतो आणि बोट लावले की भोक पडते. साबणाचे पाणी पुरते. धुतल्यावर उन्हात कडकडीत वाळवायची, आणि फाल्गुनाचे ऊन त्याला अगदी बेताचे असते.

धुळीबद्दल थोडे सांगते, कारण धूळ कशाची आहे हे कळले की ती कशी काढायची तेही कळते. आमच्या घरासमोरच्या धुळीत तीन गोष्टी असतात. एक वैनगंगेची रेती. रेतीच्या गाड्या शहरातून सारख्या जात-येत असतात. दुसरी राइस मिलची राख. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असते. उष्णा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत तेच तूस भट्टीत जाळतात आणि त्याची राख हलकी असल्याने लांबवर उडते. तिसरा महामार्गाचा धूर. मुंबईहून कोलकात्याला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. त्याला पूर्वी 6 क्रमांक होता, आता 53 आहे. डिझेलची काजळी तेलकट असते, ती काचेला चिकटून बसते आणि तिच्यावर बाकीचे सगळे चिकटते. तुमसरकडे मँगनीजच्या खाणींच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या खिडकीतली धूळ आणखी वेगळी, काळपट आणि जड.

यातली रेती म्हणजे गारगोटी, आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. तुसाची राखही बहुतेक सिलिकाच असते. अशी धूळ बसलेल्या काचेवर कोरडे फडके फिरवले की काचेवर बारीक ओरखडे उठतात. ते एकदम दिसत नाहीत. काही वर्षांनी सकाळच्या तिरप्या उन्हात काच पाहिली की तिच्यावर गोल गोल रेघांचे जाळे दिसते, आणि ते मग कशानेच जात नाही. सासूबाईंना सिलिका हा शब्द माहीत नव्हता, पण काचेला कोरडा हात लावलेला त्यांना चालत नसे. "आधी पानी मार, मंग हात लाव," हे त्यांचे वाक्य घरातल्या प्रत्येक सुनेने ऐकले आहे. आधी वरून पाणी सोडून धूळ वाहू द्यायची. मग साबणाच्या पाण्याच्या मऊ फडक्याने काजळी काढायची. मग साधे पाणी. शेवटी वर्तमानपत्राचा कागद चुरगळून पुसायचे, त्याचा धागा सुटत नाही आणि ओल चटकन उतरते. नागपूरच्या सगळ्या पेपरांचे कागद मी वापरून पाहिले आहेत. गुळगुळीत, रंगीत पुरवण्या मात्र कामाच्या नाहीत, त्या पाणी पीत नाहीत.

ऊन सरळ पडत असताना काच धुवायची नाही. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आतच वाळते आणि क्षार मागे ठेवते. पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर आणि पश्चिमेच्या सकाळी, एवढे सांभाळले की निम्मे कष्ट वाचतात. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाण्यात मिसळून लावायचा, थोडे थांबायचे आणि धुऊन काढायचे. पण खाली कडप्पाचा ओटा असेल तर आधी त्यावर जुने प्लॅस्टिक अंथरावे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट पाण्याने त्याची चमक जाते. कूलरच्या बाजूच्या काचेवर कधी कधी असा पांढुरका थर येतो की लिंबानेही हलत नाही. वर्षानुवर्षे पाणी साचून राहिल्याने काचच वरून झिजलेली असते. तिथे घासून हात दुखवण्यात अर्थ नाही. काच बदलावी आणि पुढे पाणी तिथे उडणार नाही अशी सोय करावी.

आमच्या घराचा पुढचा भाग जुना आहे. तिथल्या खिडक्या सागवानी, आडवे लोखंडी गज, दोन फळ्यांची कवाडे आणि पितळी कड्या. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर अजूनही घसघशीत पितळ सापडते. त्या कड्या मी चिंचेने आणि राखेने घासते. बाजारात मिळणारी पावडर लवकर चमक आणते, पण कोपऱ्यांत पांढरी होऊन बसते. चिंच काळेपणा हळू उतरवते आणि स्वच्छ धुतली जाते.

सागवानाचे काम मला या सगळ्यात जास्त आवडते. साबणाच्या पिळलेल्या फडक्याने लाकूड पुसायचे, दोन दिवस नीट वाळू द्यायचे आणि मग जवसाचे तेल चोळायचे. जवस आमच्याकडचेच पीक. धान उभा असतानाच बांधीच्या ओलीवर लाखोळीसारखा जवस टाकतात आणि तो फाल्गुनाच्या आसपास निघतो. ज्या दिवसांत खिडक्या कोरड्या, त्याच दिवसांत ताजे तेल, असा तो योग जुळलेला आहे. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल लाकडाला लावू नये, ते चिकट राहते आणि धूळ धरते. जवसाचे तेल हवा लागून घट्ट होते, लाकडावर त्याचा पापुद्रा बसतो. अगदी पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचे टिपून घ्यायचे. जाड थर दिला की तो महिनाभर वाळत नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकीने लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल घट्ट होताना उष्णता निघते, आणि चुरगळलेल्या ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून मग फेकावी.

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात याच सुमारास कुंभारीण माशी मातीचे घर बांधत असते. आत तिने सुन्न करून ठेवलेले कोळी असतात, पिलांच्या खाण्यासाठी. ते घर मी खरवडत नाही. ती कुणाच्या वाटेला जात नाही, पिले उडाली की रिकामे घर काढता येते. घराच्या स्वच्छतेत एवढी जागा सोडायला हरकत नसावी.

मागचा भाग आम्ही नंतर बांधला, तिथे ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगच्या खिडक्या आहेत. या खिडक्यांची खरी घाण खालच्या रुळांत असते. रुळाला बाहेरच्या बाजूने बारीक भोके असतात, पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. ती धुळीने बुजली की जुलैत रूळ भरतो आणि पाणी भिंतीवरून आत उतरते. मग भिंत ओली होते, रंगाचे पापुद्रे निघतात आणि लोक गच्चीतून गळते म्हणून गच्चीला डांबर लावतात. रूळ आधी कोरडाच काढायचा, जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि खराट्याच्या काडीने. पाणी आधी घातले की धुळीचा चिखल होऊन भोकांत जास्त घट्ट बसतो. काचेला आधी पाणी आणि रुळाला आधी कोरडे, हा फरक नव्या मुलींना सांगावा लागतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई मोहाडीकडच्या. पहिल्या वर्षी त्या सवयीने खिडकीत चढल्या आणि बाहेरची काच पुसायला छज्ज्यावर पाय टाकू लागल्या. वरच्या मजल्यावर. आधीच्या घरी असेच करायच्या म्हणाल्या. मी त्यांना खाली उतरवले. त्या म्हणाल्या, "सवय हाय जी, काही होत नाही." सवय असलेली माणसेच पडतात. स्लायडिंगचे पल्ले आतूनच वर उचलून खालची कड आत ओढली की निघतात. दोघींनी धरून पलंगावर गोधडी अंथरून ठेवायचे आणि तिथेच दोन्ही बाजू धुवायच्या, म्हणजे बाहेर जायची गरजच उरत नाही. जिथे पल्ला निघत नाही आणि ग्रीलही नाही, तिथली बाहेरची काच आमच्याकडे मळकी राहते आणि पहिल्या पावसात जेवढी निघेल तेवढी निघते. कामाच्या बाईला छज्ज्यावर चढवून चकचकीत झालेली काच मला नको. ज्या घरांत हे चालते त्या घरांतल्या बायकांशी मी या विषयावर भांडलेही आहे.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा खिडक्या भाद्रपदातच धुवाव्या लागल्या. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आले, कारध्याजवळची वैनगंगा शहरात शिरली आणि सखल वस्त्यांत लोकांना छतावर बसावे लागले. माझ्या चुलत जावेचे घर त्यात होते. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा खिडकीच्या अर्ध्यावर गाळाची सरळ रेघ होती. रेघेखाली सगळे एका रंगाचे, काच, गज, पडदा, भिंत. गाळ ओला असताना पाण्याने उतरतो, वाळला की सिमेंट होतो, म्हणून आम्ही भांडीकुंडी सोडून आधी खिडक्या धुतल्या. एक कारण हेही होते की खिडक्या उघडल्याशिवाय घर वाळत नाही. त्या वस्तीत बऱ्याच जणांनी फुगलेली कवाडे बसत नाहीत म्हणून लगेच सुताराकडून रंधा मारून घेतला. उन्हाळ्यात लाकूड आटले आणि तीच कवाडे बोटभर फटीने उघडी राहिली. जावेने माझे ऐकून होळीपर्यंत दम धरला. तिची कवाडे फाल्गुनात आपोआप जागेवर बसली, फक्त बिजागऱ्यांना तेल द्यावे लागले.

आता कूलर. आमच्याकडे खिडक्यांची साफसफाई कूलर बसवण्यापाशी येऊन थांबते. पूर्वी वाळ्याच्या ताट्या खिडकीला लावून त्यांच्यावर पाणी मारत. आता पत्र्याचा कूलर लोखंडी स्टँडवर खिडकीबाहेर बसतो, पण काम तेच आहे. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या ताट्यांतून आत येते, पाण्याची वाफ होते आणि ती हवेतली उष्णता घेऊन जाते. ही ओलसर झालेली हवा घरातून बाहेर निघून गेली तरच मागून नवी कोरडी हवा येते. लोक कूलर लावून समोरची खिडकी गच्च बंद करतात, आणि तासाभराने उमस होते, अंग चिकचिकते, कूलर बेकार म्हणतात. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी हवी आणि तिची जाळी स्वच्छ हवी. फाल्गुनात मी जी जाळी धुते ती या एका कारणासाठी सर्वांत आधी धुते. कूलरही शक्यतो उत्तरेच्या किंवा सावलीच्या खिडकीला असावा. पश्चिमेच्या उन्हात तापणारा पत्रा आतले पाणीही तापवतो.

ताट्या दरवर्षी नव्या घालाव्यात. जुन्यांना क्षारांचा कडक थर धरतो आणि त्यांतून हवाही जात नाही, पाणीही झिरपत नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंगूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. खिडकीला जाळी लावायची आणि खिडकीबाहेरच डास पाळायचे, यात काही अर्थ नाही.

आणि शेवटची विनंती विजेची. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, त्यांत पाणी भरणाऱ्या बाया आणि खेळणारी लहान मुले असतात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, दोन पिनांची जोडलेली वायर आणि खिडकीचा लोखंडी गज, एवढे एकत्र आले की पुरते. यंदा खिडक्या धुऊन झाल्या की कूलर बसवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांची वायर आणि चालू अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा गळती तोडणारा स्विच बसवून घ्या, आणि पाणी भरताना नुसते बटण बंद करू नका, पिन काढून ठेवा. घरातल्या मुलांना आणि कामाच्या ताईंनाही हे स्वतः दाखवून ठेवा.